महाराष्ट्रातल्या जुन्या लोककलेच्या वस्तूंचा संग्रह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोककलेची वस्तू नेमकी कशाला म्हणायची?

गावातल्या किंवा जमातीतल्या कारागिरानं, पिढीजात शिकलेल्या पद्धतीनं, आपल्याच लोकांच्या वापरासाठी केलेली वस्तू. देवघरातले टाक, समया, अडकित्ते, चुन्याच्या डब्या, पिंगुळीच्या चित्रकथीच्या पोथ्या, चामड्याच्या बाहुल्या, सावंतवाडीच्या गंजिफा (हातानं रंगवलेले गोल पत्ते) आणि लाकडी खेळणी, जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्याचे (सोंगांच्या उत्सवाचे) मुखवटे, गोधड्या, बंजारा भरतकाम हे सगळं यात येतं. ती देखणी असलीच पाहिजे असं नाही, पण ती वापरात असलेली हवी. संग्राहकाच्या दृष्टीनं वापराच्या खुणा हा वस्तूचा जन्मदाखला असतो, आणि खालची बरीच उत्तरं त्या खुणा वाचायच्या कशा आणि जपायच्या कशा याबद्दलच आहेत.

‘अँटिक’ आणि ‘व्हिंटेज’ यात फरक काय?

बाजारात दोन्ही शब्द सैल वापरले जातात. कायद्याला मात्र वयाशी मतलब आहे. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार किमान १०० वर्षं जुनी कलावस्तू ‘पुरावशेष’ ठरते. ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा कलात्मक मोल असलेल्या हस्तलिखितांसाठी आणि दस्तऐवजांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. त्याहून अलीकडच्या, साधारण दोन-तीन पिढ्यांपूर्वीच्या वस्तूला ‘व्हिंटेज’ म्हणतात, पण तो फक्त बोलण्यातला शब्द आहे. दुकानदार ‘अँटिक’ म्हणाला की लगेच विचारा: म्हणजे १०० वर्षांच्या वरची? तसं बिलावर लिहून द्याल? बऱ्याच वेळा वय तिथल्या तिथे कमी होतं.

सुरुवात कशापासून करावी?

एकच प्रकार धरा आणि विकत घेण्याआधी त्या प्रकारच्या शंभर वस्तू नीट बघा. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय यासाठी उत्तम शाळा आहे. दिनकर केळकर (१८९६–१९९०) यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वीस हजारांहून अधिक वस्तू तिथे आहेत, त्यातही दिवे आणि अडकित्ते पाहण्यासारखे. वही घेऊन जा. बिजागरी कशी आहे, पातं मुठीला कसं जोडलंय, झीज कुठे आहे, हे काढून ठेवा. आकार आणि नक्षी कुणीही नक्कल करतो, जोडकामात मात्र नक्कल उघडी पडते.

पहिल्या वर्षी धातूच्या वस्तू घेणं सगळ्यांत सोयीचं. त्या टिकाऊ असतात, हाताळता येतात, आणि चूक झाली तरी निदान मोडीचा भाव येतो. कागद, कापड आणि रंगवलेलं लाकूड यांना पहिल्या दिवसापासून निगा लागते, म्हणून ते नंतर.

शंभर वर्षं जुनं कागदावरचं वारली चित्र विकायला आलंय. घ्यावं का?

नको. असं चित्र असू शकत नाही. वारली चित्रं मुळात भिंतीवरची. लग्नघरात पालघट देवीचा चौक सुवासिनी तांदळाच्या पिठानं लिहितात आणि तो पुढे भिंतीबरोबरच सारवला जातो. ही कला कागदावर आली ती १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८, पद्मश्री २०११) यांची सुरुवातीची चित्रं म्हणजे कागदी-कापडी वारलीचा सगळ्यांत जुना थर. ती मोलाची आहेत, पण ‘अँटिक’ नाहीत.

हीच कसोटी इतरत्रही लावता येते. मधुबनी कागदावर मोठ्या प्रमाणात आली ती बिहारच्या १९६६-६७ च्या दुष्काळानंतर. जनगढसिंह श्याम यांच्यापासून सुरू झालेली परधान-गोंड चित्रशैली १९८० च्या दशकातली. एखादी कला कोणत्या पृष्ठभागावर कधी आली एवढं माहीत असलं तरी निम्मी फसवणूक टळते.

टाक खरोखर जुना आहे हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून सविस्तर.

टाक म्हणजे चांदी, तांबं किंवा पितळेच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेली कुलदैवताची प्रतिमा. खंडोबाचा टाक हातात घेतलात असं समजा. देव घोड्यावर, हातात तलवार, मागे म्हाळसा, पायाशी कुत्रा. आधी उजेड बाजूनं येईल असा धरा आणि १० पट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून बघा.

पहिली गोष्ट झीज. रोज किंवा सणासुदीला राखेनं, चिंचेनं घासलेल्या टाकावर उंचवटे आधी झिजतात: देवाचं नाक, गुडघा, घोड्याचं कपाळ. खाचा मात्र जशाच्या तशा राहतात. घोड्याच्या गळ्यातली माळ, लगाम, पायाशेजारचा कोपरा यांत मूळच्या छिन्नीची धार अजून टोकदार दिसते आणि तिथेच हळद-भंडाऱ्याचा घट्ट थर बसलेला असतो. जुन्या टाकाचा साचा काढून ओतलेली नक्कल असेल, तर उंचवटे आणि खाचा दोन्ही सारख्याच पुसट असतात, कारण झिजलेल्या टाकाचीच छाप उतरलेली असते. ओतल्यावर धातू थंड होताना दीड-दोन टक्के आकसतो, त्यामुळे नक्कल मूळ टाकापेक्षा किंचित लहान, शिवाय जाड आणि जड लागते.

दुसरी, मागची बाजू. हातानं उठवलेल्या टाकाच्या पाठीवर ठोक्यांचे खड्डे स्वतंत्र दिसतात, काही टाकांत लाख भरलेली असते. यंत्राच्या ठशानं दाबलेल्या पत्र्याची पाठ पुढच्या बाजूची हुबेहूब उलट प्रत असते, ठोक्यांशिवाय.

तिसरी, कड. जुन्या टाकाची कड कात्रीनं कापलेली, पुढे हाताळून मऊ झालेली. बोट फिरवल्यावर धार लागत असेल तर विचार करा.

चौथी, मळ. खरा मळ कुंकू, तेल, धूर, राख यांचा थरांचा असतो आणि एका जागी वेगळा, दुसऱ्या जागी वेगळा. खोटा मळ सगळीकडे एकाच रंगाचा. कापसाची काडी ॲसिटोनमध्ये बुडवून पाठीवर न दिसणाऱ्या जागी हलकेच फिरवा. रंग किंवा बूटपॉलिश लावून जुनं केलं असेल तर काडी तपकिरी होते. ही चाचणी फक्त उघड्या धातूवर करायची. लाख, रंग, लाकूड, कागद यांच्या जवळही ॲसिटोन नेऊ नका, आणि पाठीत लाख भरलेली असेल तर ही चाचणी सोडूनच द्या.

एकाच खुणेवर निर्णय घेऊ नका. झीज, पाठ, कड आणि मळ चारही एकच सांगत असतील तेव्हा वस्तू बहुधा खरी.

अडकित्ता आणि भांड्यांमध्ये काय पाहायचं?

अडकित्त्यात पातं पाहा. वापरलेला अडकित्ता कितीदा तरी धार लावून घेतलेला असतो, त्यामुळे पातं मधोमध अरुंद होत जातं आणि बैठकीला पूर्ण टेकत नाही. बिजागरीचं भोक थोडं लांबट होऊन पातं किंचित डुलतं. पातं पूर्ण रुंदीचं, धार कोरी आणि खिळा चकचकीत, पण मुठीवरची राघू-मोराची नक्षी मात्र काळीकुट्ट, असा अडकित्ता शोभेसाठी केलेला आहे. दांड्यावर अंगठा जिथे टेकतो तिथली नक्षी गुळगुळीत झालेली असणं ही चांगली खूण.

तांब्या-पितळेच्या भांड्यांत जोड शोधा. पत्रा वाकवून केलेल्या जुन्या हंड्याच्या अंगावर आणि बुडाशी दातेरी सांधा दिसतो, झाळलेला, थोड्या वेगळ्या रंगाचा. तांबटाच्या मठारकामात हातोडीचे ठोके ओळीत असतात पण एकसारखे नसतात. आतून बारीक समकेंद्री रेघा दिसल्या तर ते भांडं यंत्रावर फिरवून काढलेलं. समईसारख्या तुकड्या-तुकड्यांच्या वस्तूत प्रत्येक भाग उघडून बघा. जुने आटे हातानं पाडलेले आणि असमान असतात, म्हणून एका समईचा दांडा दुसरीला सहसा बसत नाही. एका समईचं बूड आणि दुसरीचा मोर जोडलेला ‘विवाह’ बाजारात अगदी सर्रास सापडतो. रंगातला फरक दिवसाउजेडी लगेच कळतो, दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली कळत नाही.

लाकडी वस्तूंवर किडीची भोकं असली म्हणजे ती जुनी का?

नाही. ती भोकं ड्रिलनंही पाडतात. त्यात बारीक तार घालून बघा: खरं बीळ वळतं आणि तार अडते, ड्रिलचं भोक सरळ जातं. लाकडाच्या पृष्ठभागावर उघडी, आडवी बिळं दिसत असतील तर ती आणखी मोठी सूचना आहे. कीड आतून पोखरते आणि बाहेर येताना फक्त भोक पाडते. उघडं बीळ दिसतंय याचा अर्थ किडलेलं जुनं लाकूड नंतर कापलंय, म्हणजे जुन्या वाड्याच्या तुळईतून नवी मूर्ती कोरली.

जुनं लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेनं आकसतं. कातावर गोल काढलेली वस्तू जुनी असेल तर कॅलिपरनं दोन दिशांना मोजल्यावर किंचित लंबगोल भरते. खिळ्याभोवती लाकूड काळं पडलेलं असतं, लोखंडाच्या गंजामुळे. फिलिप्स पद्धतीचा, चौफुली खाचेचा स्क्रू दिसला तर निदान तो भाग तरी १९३० च्या दशकानंतरचा.

चित्रकथी घेताना काय तपासावं?

कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर समाजाची ही कथाचित्रं. एका आख्यानाच्या चित्रांचा संच म्हणजे पोथी. चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, म्हणजे एका पानाच्या दोन्ही बाजूंना चित्र. जुन्या संचांतली बरीच चित्रं पूर्वी पैठणला मिळाली, म्हणून त्यांना ‘पैठण शैली’ असंही नाव पडलं.

पान उजेडासमोर धरा. हातकागदात तंतू आणि जाळीच्या रेषा दिसतात, जाडी कमी-जास्त असते. मग अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरच्या यूव्ही टॉर्चखाली बघा. साधारण १९५० नंतरच्या बऱ्याच गिरणीकागदांत चमक आणणारी रसायनं असतात, तो कागद निळसर पांढरा उजळतो. जुना हातकागद मंद, पिवळट दिसतो. कागद न उजळणं हा जुनेपणाचा पुरावा नव्हे, कारण जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर नवं चित्र काढता येतं. उजळला तर मात्र ‘दोनशे वर्षांपूर्वीचं’ हा दावा तिथेच संपला.

मळ कुठे आहे तेही बघा. पानं उलटताना बोटं लागतात ते कोपरे आणि कडा मळलेल्या असतात, मधलं चित्र तुलनेनं स्वच्छ. चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला कागद मध्येही तेवढाच तपकिरी असतो.

आणि एक कळकळीची विनंती. पोथी अखंड मिळत असेल तर ती अखंडच घ्या, किंवा घेऊ नका. पानं सुटी करून फ्रेम करून विकली की आख्यानाचा क्रम कायमचा हरवतो. पाठीला पाठ लावलेली पानं सोडवून दोन चित्रं करण्याचा उद्योगही होतो, त्यात दोन्ही चित्रं खराब होतात.

जुनं छापील देवाचं चित्र मूळ आहे की नंतरची छपाई?

भिंग लावा. राजा रविवर्म्यांच्या १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या छापखान्याची किंवा पुण्याच्या चित्रशाळेची (स्थापना १८७८) जुनी शिळाछापाची चित्रं अनेक रंगांच्या दगडांवरून छापलेली असतात. त्यांचे ठिपके हातानं टाकलेले, वेडेवाकडे, दाट-विरळ असतात. एकसारख्या अंतरावरच्या ठिपक्यांची फुलासारखी जाळी दिसली तर ती ऑफसेटची नवी प्रत.

गंजिफाचा संच पूर्ण आहे हे कसं मोजायचं?

दशावतारी गंजिफात १० रंग (म्हणजे १० अवतार) आणि प्रत्येक रंगात १२ पानं: राजा, प्रधान आणि १ ते १०. एकूण १२०. मोगली पद्धतीच्या गंजिफात ८ रंग, ९६ पानं. पानं अवताराप्रमाणे लावून प्रत्येक गठ्ठा वेगळा मोजा, कारण एकूण आकडा बरोबर असूनही एखाद्या अवताराची १३ आणि दुसऱ्याची ११ पानं निघतात. हरवलेल्या जागी दुसऱ्या संचातलं पान घातलेलं असतं. ते पाठीच्या रंगावरून आणि व्यासावरून कळतं, म्हणून सगळी पानं एकावर एक रचून कडेनं बघा.

सावंतवाडीत ही कला जवळजवळ संपली होती. १९७० च्या दशकात तिथल्या राजघराण्यातल्या सत्त्वशीलादेवी भोसले आणि शिवरामराजे यांनी ती पुन्हा उभी केली. त्यामुळे सावंतवाडीचा उत्तम संच नवा असण्याची शक्यता बरीच, आणि त्यात गैर काही नाही, फक्त तो नवा म्हणून विकला जावा.

वस्तू घरी आणली. आता घासून लख्ख करू का?

नाही. संग्रहाचं सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं, तेही चांगल्या हेतूनं.

पितळ-तांब्यावर वर्षानुवर्षं तयार झालेला तपकिरी-काळपट थर हा धातूचाच भाग आहे. चिंच, लिंबू, पितांबरी किंवा बाजारातलं पॉलिश तो थर खातं आणि प्रत्येक वेळी धातूचा एक पातळ पापुद्राही नेतं. टाकाचा चेहरा आधीच झिजलेला असतो, चार वेळा घासला की नाकडोळे उरत नाहीत. अमोनिया असलेल्या पॉलिशचा धोका वेगळाच: ठोकून केलेल्या पितळेत ताण साठलेला असतो आणि अमोनियामुळे तिथे बारीक भेगा पडतात.

करायचं ते एवढंच:

मऊ, कोरड्या ब्रशनं धूळ झाडा. चित्रकलेचा नैसर्गिक केसांचा ब्रश चालतो, पण त्याच्या धातूच्या पट्टीला टेप गुंडाळा, नाहीतर ओरखडे पडतात. तेलकट चिकटा असेल आणि धातूवर रंग, लाख किंवा जडावाचं काम नसेल, तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य द्रव साबणाचे दोन-तीन थेंब टाकून कापसानं पुसा, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरनं दोनदा. नळाचं पाणी नको, त्यातल्या क्लोराइडनं पुढे धातू खाल्ला जातो. लगेच टिपा आणि हेअर ड्रायरच्या कोमट हवेवर पूर्ण वाळवा, पोकळ भाग खास करून. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात देऊन सुती कापडानं पुसून घ्या. खाचांतली हळद, कुंकू, काजळी तशीच राहू द्या.

लाखकाम केलेल्या खेळण्यांना पाणी, स्पिरिट, सॅनिटायझर काहीही लावू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. काचेवरच्या उलट्या चित्रांची मागची बाजू कधीच पुसू नका, रंग तिथेच आहे आणि तो बहुधा सुटत चाललेला असतो.

पितळी मूर्तीवर हिरवी पूड येतेय. गंज आहे का?

रंग आणि पोत बघा. घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवा थर निरुपद्रवी असतो. फिकट, पोपटी, पुडीसारखा डाग, जो झटकल्यावर काही दिवसांत त्याच जागी पुन्हा येतो, तो क्लोराइडमुळे होणारा ‘ब्रॉन्झ रोग’. आर्द्रता मिळत राहिली की तो आत आत खात जातो. किनारपट्टीवर हा प्रश्न जास्त येतो, आणि मीठ-चिंचेनं घासलेल्या वस्तूंतही.

वस्तू वेगळी ठेवा. पूड टोकदार लाकडी काडीनं कोरडीच काढा. मग घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक घालून त्यात वस्तू ठेवा, आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली राहिली पाहिजे. जेलचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये ११०–१२० अंशांवर तापवून पुन्हा वापरता येतं. महिनाभरात डाग परत आला तर संवर्धकाकडे न्या. यावरची रसायनं विषारी असतात, घरी प्रयोग नको. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, आणि लखनौला केंद्र सरकारची संवर्धन प्रयोगशाळा १९७६ पासून आहे.

लाकडाला किंवा गोधडीला कीड लागली आहे. काय करावं?

आधी ती जिवंत आहे का बघा. वस्तू काळ्या कागदावर दोन आठवडे ठेवा. ताजी, फिकट भुकटी पडली तर कीड चालू आहे.

साध्या, न रंगवलेल्या लाकडासाठी आणि कापडासाठी गोठवणं हा चांगला उपाय. वस्तू जाड पॉलिथिनमध्ये हवा काढून टेपनं बंद करा, डीप फ्रीझरमध्ये (उणे १८ अंश किंवा त्याखाली) दोन आठवडे ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका. आधी उघडली तर थंड वस्तूवर पाणी धरतं. रंगवलेलं लाकूड, लाखकाम, काच, हाड आणि मुखवट्यांचा कागदाचा लगदा यांना गोठवणं नको. डांबराच्या गोळ्या टाळा, त्यांची वाफ लाख आणि प्लास्टिक मऊ करते. कडुनिंबाचा पाला ठेवायला हरकत नाही, पण लागलेली कीड त्यानं मरत नाही. पाला थेट वस्तूवर ठेवला तर डाग मात्र पडतात.

वस्तू ठेवायच्या कशा?

हवेतली आर्द्रता एकसारखी राहणं सगळ्यांत महत्त्वाचं. ६५ टक्क्यांच्या वर गेली की बुरशीला आमंत्रण. पावसाळ्यात कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, खालचा खण रिकामा ठेवा. कागदी चित्रं आम्लरहित कागदांत, आडवी. लॅमिनेशन आणि सेलोटेप कधीच नको. फ्रेम करायची तर चित्र काचेला टेकू नये म्हणून मध्ये माउंट हवा, आणि फ्रेम उन्हाच्या भिंतीवर नको. गोधडी आणि भरतकाम घडी न घालता जाड नळीवर, मध्ये धुतलेलं मलमल घालून गुंडाळा. घडीच करायची असेल तर दर सहा महिन्यांनी घडीची जागा बदला.

कायद्यानं नोंदणी करावी लागते का?

१०० वर्षांवरच्या काही ठरावीक प्रकारांची करावी लागते: दगड, भाजलेली माती, धातू, हस्तिदंत, हाड यांच्या मूर्ती आणि शिल्पं, कागद, कापड, लाकूड, कातडं अशा कोणत्याही माध्यमावरची चित्रं, सचित्र हस्तलिखितं, लाकडात कोरलेल्या मूर्ती. वारशानं आलेल्या वस्तूंनाही हे लागू आहे. नोंदणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे होते, फोटोंसह. नोंदलेली वस्तू दुसऱ्याला दिली किंवा विकली तर तेही कळवावं लागतं. पुरावशेष विकण्याचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो, तो बघायला मागा.

शेतात नांगरताना किंवा घराचा पाया खणताना काही सापडलं तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो, जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. ‘शेतात सापडलं’ असं सांगून कुणी विकायला आलं, तर ती वस्तू घेऊ नका.

हस्तिदंती मुठीचा अडकित्ता किंवा हरणाच्या कातड्याची बाहुली घेता येईल का?

हस्तिदंताची खरेदी-विक्री बंद आहे: भारतीय हस्तिदंतावर १९८६ च्या आणि आयात केलेल्यावर १९९१ च्या दुरुस्तीनं, वन्यजीव संरक्षण कायद्याखाली. वस्तू किती जुनी आहे यानं फरक पडत नाही. संरक्षित हरणांची कातडी, सांबर-चितळाची शिंगं, कासवाची पाठ यांनाही हाच कायदा लागतो, आणि जुन्या चामडी बाहुल्यांत हरणाचं कातडं सापडतं. म्हणून प्राण्याच्या अंगाची कुठलीही वस्तू घेण्याआधी वनविभागाकडे विचारा. म्हशीच्या शिंगाला अडचण नाही.

हस्तिदंत ओळखायला भिंगातून टोकाचा छेद बघा: एकमेकांना छेदणाऱ्या कमानदार रेषांची जाळी असते. हाडात बारीक काळे ठिपके आणि रेघा, प्लास्टिकमध्ये काहीच नाही.

परदेशी राहणाऱ्या मुलीला पाठवता येईल का?

१०० वर्षांवरची असेल तर नाही. पुरावशेषांची निर्यात खासगी व्यक्तीला करता येत नाही. शिक्षा किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड. वस्तू अलीकडची पण जुनी दिसणारी असेल, तर पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञ समितीकडून ती पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र आधी घ्या. विमानतळावर समजावत बसण्यात अर्थ नसतो.

देवळातली किंवा देवघरातली वस्तू विकत घ्यावी का?

देवघरातले टाक वाटणीत, घर बंद करताना, कधी नाइलाजानं बाहेर पडतात. घेताना घराण्याचं मूळ गाव, कुलदैवत आणि कुणाकडून घेतलं ते लिहून घ्या. विकणाऱ्याला टाकांची पूजा दुसऱ्या घरी चालू राहायला हवी असेल, तर तो त्यांचा हक्क समजा.

देवळातल्या मूर्ती, मुखवटे, पालखीचे भाग, गावकुसावरचे वीरगळ यांच्या वाटेला जाऊ नये. त्या गावाच्या मालकीच्या. चोरीची वस्तू आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला पुरेसं कारण असताना घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. बुडाशी ताजी तुटलेली कड, चुन्याचे किंवा सिमेंटचे तुकडे चिकटलेले, हातपाय एका रेषेत कापलेले दिसले तर वस्तू जागेवरून उखडली आहे असं समजा.

भाव योग्य आहे हे कसं ठरवायचं?

आधी तळ काढा: वजन गुणिले मोडीचा भाव. त्याच्या वर जे मागितलं जातंय ते कशासाठी, हे एकेक करून विचारा. हाताचं काम, पूर्णपणा, मूळ जोड, अस्सल झीज, आणि कुठून आली याची लेखी माहिती, या पाच गोष्टींना पैसे द्यावेत. ‘पेशव्यांच्या घरातली’ या तोंडी कथेला एक रुपयाही नाही. दुरुस्तीनं भाव उतरतो, पण जुनी, त्याच काळातल्या कासारानं केलेली झाळ वस्तूच्या आयुष्याचाच भाग आहे, तिला नाकं मुरडू नयेत.

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात पहिल्या फेरीत नुसतं बघा, दुसऱ्या फेरीत हातात घ्या, तिसरीत भाव बोला. चुंबक, भिंग, मोजपट्टी आणि छोटा वजनकाटा खिशात असू द्या. ‘पितळी’ वस्तूला चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर मुलामा. बिलावर वर्णन, मापं, वजन, अंदाजे वय आणि विक्रेत्याची सही हवी.

नोंदी कशा ठेवायच्या?

प्रत्येक वस्तूला क्रमांक: २०२५.१४ म्हणजे त्या वर्षातली चौदावी. वहीत स्थानिक नाव (विक्रेत्यानं जे म्हटलं तेच शब्द), साहित्य, मापं मिलिमीटरमध्ये, वजन, कुठून, कुणाकडून, कधी, किती रुपयांना, आणि ओळख पटवणारे दोष. चोरी झाली तर पोलिसांना ‘पितळी मूर्ती’ या शब्दांचा उपयोग नसतो, ‘डाव्या कानाची पाळी तुटलेली, पाठीवर १२ मिमीचा चिरा’ याचा होतो. फोटो सहा बाजूंनी, मोजपट्टी शेजारी ठेवून.

वस्तूवर क्रमांक घालायचा तर बुडाशी पॅरालॉइड बी-७२ चा (संवर्धनात वापरल्या जाणाऱ्या पारदर्शक ॲक्रिलिक राळेचा) पातळ थर द्या, वाळल्यावर त्यावर बारीक निबनं शाईत क्रमांक, वर पुन्हा एक थर. ॲसिटोननं तो पुढे कधीही निघतो. त्यातही ॲसिटोनच असल्यामुळे रंगवलेल्या आणि लाखेच्या वस्तूंना तो लावू नका, क्रमांकाची चिठ्ठी सुती दोऱ्यानं सैल बांधा. कागदावर पेन्सिलीनं, पाठीमागच्या कोपऱ्यात. कापडाला छोटी सुती पट्टी दोन टाक्यांत शिवा.

पुढे संग्रहालयाला द्यायचा झाला तर?

आधी पत्र आणि यादी पाठवा, वस्तू घेऊन थेट जाऊ नका. संग्रहालयं जागा आणि निगा यांचा विचार करून निवडून घेतात, आणि नोंदी नसलेल्या वस्तू बहुतेक वेळा परत करतात. दानपत्रात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: मालकी पूर्ण दिली की ठरावीक मुदतीसाठी, संच मोडायचा नाही ही अट आहे का, आणि नोंदवहीची प्रत वस्तूंबरोबर दिली का. नोंदलेले पुरावशेष असतील तर हस्तांतराची सूचना नोंदणी अधिकाऱ्याला त्याच वेळी पाठवा आणि पोच जपून ठेवा.